दुसऱ्या हेलपाट्याचा इलाज

शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याच्या किंवा दौंड तालुक्यातल्या रावणगावच्या माणसाला रक्तदाबाचा आजार निघाला, की घरावर दोन खर्च येतात. एक औषधपाण्याचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाल्याने तो बराच आटोक्यात आला आहे. दुसरा खर्च हेलपाट्याचा, आणि त्याची पावती कुठे मिळत नाही. पहाटे उठून एसटी किंवा रेल्वे गाठायची, केसपेपरसाठी रांग, डॉक्टरांच्या दारात रांग, आत चार-पाच मिनिटांचे बोलणे, औषधाच्या खिडकीपुढे पुन्हा रांग, आणि दिवस मावळता घरी. म्हाताऱ्या माणसासोबत कुणीतरी हवेच, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. रोजगार हमीचा राज्यातला २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता; कारखान्यातली किंवा हंगामातली मजुरी धरली तर नुकसान याहून मोठे. असा हेलपाटा एकदा घालायला कुणी कुरकुरत नाही. तोच दर महिन्याला, जन्मभर घालायचा म्हटल्यावर माणूस तिसऱ्या-चौथ्या खेपेला थांबतो. गोळ्या संपतात, 'आता बरं वाटतंय' म्हणून पुन्हा आणल्या जात नाहीत, आणि काही वर्षांनी अर्धांगवायूचा झटका आला की सगळे घर दवाखान्याच्या पायरीवर बसते. दूरस्थ वैद्यकीय सेवेचा विचार या थांबलेल्या खेपेपासून सुरू व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे. पडद्यावरचा डॉक्टर पहिल्या तपासणीला पर्याय म्हणून पुढे केला तर योजना फसेल. दुसऱ्या, पाचव्या, पन्नासाव्या भेटीसाठी तो गावच्या उपकेंद्रात आणला, तर शिरूर-दौंडच्या लोकांचे आयुष्य आणि कमाई दोन्ही वाचेल.

या सेवेचा सांगाडा आपल्याकडे उभा आहे. केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ती घडवली. टाळेबंदीत, १३ एप्रिल २०२० रोजी, घरबसल्या मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलण्याची दुसरी वाट खुली झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देशभरातल्या सल्ल्यांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला. आकडा मोठा आहे, पण त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र मोजलेल्या आहेत. घरून फोन लावणारा रुग्ण एकटा असतो. तो सांगेल तेवढेच डॉक्टरांना कळते. उपकेंद्रातून बोलणाऱ्या रुग्णाशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसलेली असते. महाराष्ट्रात या पदावर बहुतांशी आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, आणि त्यांना सहा महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण दिलेले असते. ती दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेते, पाच मिनिटे थांबवून पुन्हा घेते. बोट टोचून साखर पाहते. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून सूज राहते का ते बघते. पिशवीतून गोळ्यांची जुनी पाकिटे काढायला लावते आणि उरलेल्या गोळ्या मोजते, कारण 'रोज घेतो' या उत्तरापेक्षा त्या पाकिटावर भरवसा ठेवता येतो. मग हे सारे ती समोरच्या डॉक्टरांना त्यांच्या भाषेत सांगते, आणि डॉक्टरांचे म्हणणे रुग्णाला त्याच्या भाषेत. दूरस्थ सेवेचा जीव या खोलीत आहे.

शिरूर आणि दौंडला हे कशाला हवे, असा प्रश्न येणारच. मेळघाट किंवा भामरागडची गोष्ट वेगळी, पुणे तर शेजारी आहे. शिरूर अहिल्यानगर रस्त्यावर सत्तर किलोमीटरच्या आत, दौंड तर रेल्वेचे मोठे जंक्शन. नकाशावर हे बरोबर आहे. पण रुग्ण किलोमीटर मोजत नाही, त्याला दिवस लागतो. शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीत किती वेळ जाईल हे घरातून निघताना कुणी सांगू शकत नाही. दौंडहून गाडीने पुणे स्टेशनला उतरले तर ससून पायी गाठता येते. जिल्हा रुग्णालय मात्र औंधला, म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन्ही बाजूंनी पाहिले तर शहर ओलांडून पलीकडे. शिवाय तालुक्याच्या आतले अंतर वेगळेच. शिरूरच्या बेट भागातल्या टाकळी हाजी, कवठे येमाईच्या वस्तीवरच्या माणसाला आधी डांबरी रस्त्यापर्यंत यायचे असते, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने अंधार पडल्यावर कुणी एकटे वस्तीकडे परतू धजत नाही. म्हणजे दुपारनंतरची ओपीडी असून नसल्यासारखी. शहराच्या जवळ असण्याचा आणखी एक तोटा आहे, त्याकडे लक्ष जात नाही: तज्ज्ञ डॉक्टर हमरस्त्यावरच्या खासगी रुग्णालयांत येतात, आणि सरकारी पदे तशीच राहतात. देशभरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी असल्याचे केंद्राच्याच २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत नोंदवले आहे. पुणे शेजारी असल्याने शिरूर-दौंडच्या गरिबाला तज्ज्ञ मिळतो हा समज सोडून द्यावा. त्याला तज्ज्ञाची पाटी दिसते, एवढेच.

दुसऱ्या भेटीवर मी इतका भर का देतो, याचे कारण आजारांच्या बदललेल्या स्वरूपात आहे. आपली ग्रामीण आरोग्यव्यवस्था बाळंतपण, लसीकरण, हिवताप, जुलाब यांच्यासाठी बांधली गेली. पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ही मापे त्या काळातली. त्या आजारांत माणूस येतो, बरा होतो, जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या वीस वर्षांवरच्या माणसांत ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. हे आजार बरे होऊन जात नाहीत, ते सांभाळायचे असतात, आणि सांभाळणे म्हणजे न चुकता भेट. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातूनच याचा धडा मिळाला आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे होते. त्या उपक्रमात नवे औषध किंवा महागडे यंत्र काही नव्हते. ठरावीक औषधयोजना, महिनाभराच्या गोळ्या एकदम, परिचारिकेने ठेवलेली नोंद आणि चुकलेल्या रुग्णाची विचारपूस, एवढेच. तरी मोठ्या रुग्णालयांपेक्षा घराजवळच्या केंद्रांत रक्तदाब आटोक्यात राहण्याचे प्रमाण चांगले दिसले. सल्ला देणारा किती शिकलेला आहे याइतकेच तो किती जवळ आहे यालाही महत्त्व आहे. ई-संजीवनीचा खरा उपयोग या दोन गोष्टींची सांगड घालण्यात आहे: जवळची आरोग्य अधिकारी आणि लांबचा तज्ज्ञ.

शिरूर तालुक्याला ही कल्पना नवी नाही, उलट ती इथे एकदा करून दाखवली गेली आहे. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. शहरातल्या रुग्णालयात खाटा वाढवून गावचे आजार कमी होत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी गावातल्याच स्त्री-पुरुषांना आरोग्यसेवक म्हणून तयार केले, घरोघरी जाऊन गरोदर बाई, अशक्त मूल, खोकणारा म्हातारा यांची माहिती ठेवायला शिकवले, आणि रुग्णालयाचा डॉक्टर त्यांच्या पाठीशी उभा केला. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो सार्वजनिक सेवेसाठी. त्याच वढूमधून २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर आणि आजार यांची सलग नोंद ठेवली जाते. देशात तयार झालेल्या रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांतली पुण्याची बाजू वढूनेच सांभाळली. गावातली साधी शिकलेली बाई नीट नोंद ठेवते, आणि त्या नोंदीवर जगाच्या दर्जाचे वैद्यकशास्त्र उभे राहू शकते, याचा पुरावा याच तालुक्यात असताना 'आपल्या खेड्यात हे जमणार नाही' हे ऐकून घ्यायचे कारण नाही. कोयाजींच्या काळी डॉक्टर आणि आरोग्यसेविका यांच्यामध्ये जीप आणि कागद होता. आता पडदा आहे. बाकी रचना तीच लागते.

ती रचना वगळून केवळ पडदा आणला तर काय होते, हेही आपल्याला माहीत आहे. बिहारमध्ये २०११च्या सुमारास एका स्वयंसेवी संस्थेने मोठा गाजावाजा करून गावोगावच्या खासगी वैदूंना दूरस्थ सल्ल्याने शहरातल्या डॉक्टरांशी जोडण्याचा कार्यक्रम राबवला. मुलांचे जुलाब आणि न्यूमोनिया यांवर त्याचा परिणाम काय झाला, याचा काटेकोर अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य उपचार मिळण्याच्या प्रमाणात नजरेत भरण्याजोगा फरक पडलेला नव्हता. दूरस्थ सेवेच्या समर्थकांनी हा निष्कर्ष लपवू नये. मला तर तो फार मोलाचा वाटतो. जोडणी होती, पण रुग्णाजवळ बसलेल्या माणसाचे उत्पन्न औषधे विकण्यावर होते, आणि सल्ला घेणे त्याच्या मर्जीवर. याउलट ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पाहा. तिथल्या ओसाड मुलखात १९२८ मध्ये विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली; पुढच्याच वर्षी पायाने पेडल मारून वीज तयार करणारा रेडिओ शेकडो मैलांवरच्या शेतघरांत पोहोचू लागला. रेडिओने बोलणे झाले, पण औषध कुठून द्यायचे? म्हणून १९४०च्या दशकात प्रत्येक ठाण्यावर एक पेटी ठेवली गेली. आत सगळ्या बाटल्यांना आणि गोळ्यांना आकडे. डॉक्टर रेडिओवर लक्षणे विचारून अमुक आकड्याची गोळी दिवसातून इतक्या वेळा द्या, असे सांगत, आणि औषधाचे नाव वाचता न येणारी व्यक्तीही ते बिनचूक देऊ शके. त्या पेट्या आजही वापरात आहेत. रेडिओची जागा उपग्रहाने घेतली, तरी पेटी गेली नाही. आपल्याकडे ई-संजीवनीवर डॉक्टरांनी रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन लिहून दिले आणि उपकेंद्राच्या कपाटात ते नसले, तर रुग्णाला ते घ्यायला पुन्हा तालुक्याला जावे लागते. मग हेलपाटा वाचला कुठे? त्याला फक्त चिठ्ठी घरपोच मिळाली. शिरूर-दौंडमधल्या प्रत्येक उपकेंद्रात रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स या आजारांची औषधे तीस दिवसांच्या हिशेबाने असणे ही माझ्या लेखी कॅमेऱ्याच्याही आधीची अट आहे.

नाडी न बघता, पोट न चाचपता औषध कसे देणार, हा डॉक्टरांचा जुना आक्षेप. तो रास्त आहे. त्यामागे कायद्याची धास्तीही आहे. रत्नागिरीतल्या एका प्रकरणात, फोनवरून उपचार सांगितले गेले आणि बाळंतपणानंतर रुग्ण दगावली, तेव्हा जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्या निकालानंतर राज्यातले अनेक डॉक्टर फोनवर साधा सल्ला द्यायलाही बिचकू लागले. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि हा संभ्रम बराचसा मिटला. त्या तत्त्वांची घडणच माझ्या म्हणण्याला बळ देणारी आहे. पहिल्याच सल्ल्यात कोणती औषधे लिहिता येतील यावर मर्यादा आहे. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाच्या त्याच आजारासाठी औषध पुढे चालू ठेवायला मोकळीक जास्त आहे. अमली आणि अतिनियंत्रित औषधे दुरून लिहिण्यास सरळ बंदी आहे. आणि समोरासमोर तपासणी हवी असे वाटले तर तसे सांगून थांबण्याचा अधिकार डॉक्टरांना कायम आहे. म्हणजे पोटदुखीने कळवळणाऱ्या मुलाला पडद्यापुढे बसवू नका, त्याला गाडीत घाला. आणि ज्याचे निदान झाले आहे, औषध ठरले आहे, त्याला महिन्याला पुण्याची वारी घडवू नका. एवढा विवेक पाळला तर स्पर्शाचा आक्षेप बहुतेक मिटतो.

काही ठिकाणी तर दुरून पाहणे हे समोर बसून पाहण्याइतकेच चोख असते. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, आणि रुग्णाला दिसायला कमी येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. हनुवटी टेकवून यंत्रात बघायचे, क्षणभर उजेड चमकतो, डोळ्याच्या तळाचे छायाचित्र निघते. ते काढायला प्रशिक्षित तंत्रज्ञ पुरतो. वाचणारा तज्ज्ञ शंभर कोस लांब असला तरी बिघडत नाही. इंग्लंडमध्ये सर्व मधुमेहींची अशी वार्षिक छायाचित्रे काढून ती केंद्रात तपासण्याची व्यवस्था २००३ पासून उभी राहिली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की कामकरी वयातल्या अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण म्हणून मधुमेह मागे पडला होता, पाच दशकांत प्रथमच. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने शंभरहून अधिक दृष्टी केंद्रे याच तत्त्वावर चालवली आहेत. हृदयविकाराच्या झटक्यातही असेच. छातीला आणि हातापायांना जोडणी करून ईसीजी काढायचा, तो हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचा, त्याने काही मिनिटांत झटका आहे की नाही सांगायचे, आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्णाला पुढे हलवायचे. राज्याच्या 'स्टेमी' प्रकल्पामागे हीच कल्पना आहे. दौंडहून पुण्याला नेईपर्यंत हृदयाचा जो भाग मरणार असतो, तो यात वाचतो. इथेही पुन्हा तेच: फ्रीजमध्ये इंजेक्शन असले पाहिजे आणि ते टोचायची परिचारिकेची तयारी असली पाहिजे.

ज्यांचा या चर्चेत उल्लेखही होत नाही त्यांना या सेवेची सर्वांत जास्त गरज आहे, असे मला वाटते. दिवाळीच्या मागेपुढे दौंड आणि शिरूरच्या कारखान्यांच्या उसावर बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या येतात आणि मार्चपर्यंत फडाशेजारी कोप्या करून राहतात. केडगाव-राहूच्या गुऱ्हाळांवर उत्तरेकडचे कामगार असतात, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत मराठवाड्यापासून बिहारपर्यंतचे. तोडीला आलेल्या बाईला आष्टी-पाटोद्याच्या दवाखान्यातून थायरॉइडची किंवा फिट्सची गोळी चालू असते. गाव सोडताना महिन्याचे औषध बांधून घेतलेले असते. डिसेंबरात ते संपते. इथल्या दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. जोडीतल्या एकाचा खाडा म्हणजे कोयता बंद. गेली तरी इथल्या डॉक्टरांपुढे तिचा कुठलाच कागद नसतो, सारे पहिल्यापासून सांगावे लागते. मार्चमध्ये ती परत गेल्यावर इथे झालेले उपचार तिथे कुणाला कळत नाहीत. फडाजवळच्या उपकेंद्रातून संध्याकाळी तिला तिच्याच तालुक्यातल्या डॉक्टरांशी जोडून दिले आणि औषध इथल्या कपाटातून दिले, तर हंगामभराचा खंड पडणार नाही. आयुष्मान भारत डिजिटल अभियानात चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक दिला जातो तो अशा माणसाच्या कामी यायला हवा. स्थिर घरात राहणाऱ्याची फाईल तशीही कपाटात असते. कंपनीत पाळीने काम करणाऱ्यांनाही सकाळच्या ओपीडीचा उपयोग नाही. कारखान्यांचा हंगाम आणि कंपन्यांच्या पाळ्या पाहून सल्ल्याची वेळ ठरवणे यात तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही, इच्छेचा आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. पडद्यावर डॉक्टर मिळतो म्हटल्यावर सरकार खुर्चीवरचा डॉक्टर भरणारच नाही. गरिबाला चित्र आणि श्रीमंताला डॉक्टर अशी वाटणी होईल. हा धोका कल्पनेतला नाही, आणि त्याला 'तसे होणार नाही' हे उत्तर पुरेसे नाही. व्यवस्थाच अशी बांधावी लागेल की रिकामे पद पडद्यामागे लपणार नाही. त्याचा एक मार्ग म्हणजे सल्ला देणारा डॉक्टर अनोळखी आणि दूरच्या शहरातला नसावा. आज कोणत्याही उपकेंद्राचा फोन कुठल्याही डॉक्टरांकडे जाऊ शकतो, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाकडे. दौंडची उपकेंद्रे बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी आणि शिरूरची औंधच्या जिल्हा रुग्णालयाशी बांधून द्यावीत. आठवड्यातला वार आणि डॉक्टर ठरलेला असावा. आणि त्याच डॉक्टरने महिन्यातून एक दिवस दौंडच्या किंवा शिरूरच्या सरकारी रुग्णालयात प्रत्यक्ष बसावे. पडद्यावर ज्यांना बोलावून बघायला हवे असे वाटले, ते त्या दिवशी तिथे येतील. मग पडदा ही त्या डॉक्टरच्या ओपीडीचीच वाढीव खोली होते, आणि त्याचे पद रिकामे राहिले तर दोन्ही खोल्या एकदम बंद पडून ओरड होते. तंत्रज्ञानाने तूट झाकली जाण्याऐवजी चव्हाट्यावर यावी, अशीच ही मांडणी असायला हवी.

स्मार्टफोन नसलेल्यांचे काय, असेही विचारले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात जेमतेम एक तृतीयांश निघाल्या, पुरुष ५७ टक्के. म्हणूनच घरबसल्या मोबाइलच्या सेवेवर सारी भिस्त ठेवणे अन्यायाचे ठरेल, आणि उपकेंद्रातली वाट न्यायाची. तरी उपकेंद्रातही एक अडचण उरते, आडोशाची. अंगावरून पांढरे जाते, नवरा मारतो, रात्र-रात्र झोप लागत नाही, जीव द्यावासा वाटतो, हे बाई उघड्या दाराच्या खोलीत, रांगेतल्या जावा-नणंदांच्या कानावर पडेल अशा आवाजात सांगणार नाही. दार बंद होईल अशी खोली आणि कानाला लावायचा हेडफोन या दोनशे-पाचशेच्या वस्तू आहेत. त्या नसतील तर बाकीचा खर्च अर्ध्या लोकसंख्येसाठी वाया गेला. मनाच्या आजारांसाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, साध्या फोनवरून लागतो, मराठीतून बोलता येते. तो क्रमांक किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लिहिला आहे? आशाताई जिच्या घरी लसीकरणासाठी जातात, तिच्या उंबऱ्यावर हा क्रमांक पोहोचवायला एक बैठक पुरते.

शेवटी मोजायचे काय, हे ठरवावे लागेल, कारण सरकारी यंत्रणा जे मोजले जाते तेच करते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामगिरीवर अवलंबून असतो. कामगिरी म्हणजे सल्ल्यांची संख्या असे ठरले, तर सर्दी-खोकल्याचे कॉल वाढतील आणि गोळ्या सोडलेल्या म्हाताऱ्याच्या वस्तीवर जायला कुणी उरणार नाही. जिल्हा परिषदेने शिरूर आणि दौंडच्या प्रत्येक उपकेंद्रासाठी दर तीन महिन्यांनी चार आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत: नोंदलेल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांपैकी किती जणांचा आजार आटोक्यात आहे, किती जण मागच्या महिन्यात आलेच नाहीत, लिहून दिलेल्या औषधांपैकी किती तिथल्या तिथे मिळाली, आणि किती जणांना पुढे पाठवले व त्यांतले किती खरोखर पोहोचले. यासाठी नवे ॲप नको, नवा निधी नको. माहिती आजही वहीत असते. पुढच्या हंगामाच्या टोळ्या यायच्या आत निदान कारखान्यांच्या गावांतल्या उपकेंद्रांपासून याची सुरुवात करता येईल, आणि पहिले आकडे वाईट आले तरी ते तसेच वाचून दाखवावेत.